होय, अलिबागहूनच!

कुणी कुठं जन्मावं हे कुणाच्या हातात नसतं. पुण्यात जन्मलेला माणूस जन्मभर त्या आनंदातून बाहेर पडत नाही. नागपूरकर संत्र्यांवर बोलून वेळ निभावतो. मी जन्मलो अलिबागला. त्यामुळे मुंबईत पाऊल टाकलं, की लोकलच्या चुकीच्या दारात उभा राहिल्याबद्दल, कंडक्टरपुढे शंभराची नोट धरल्याबद्दल, किंवा नुसतं दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडल्याबद्दलसुद्धा, कुणीतरी मागून हटकतंच, “क्या रे, अलिबागसे आया है क्या?”

मी वळून अदबीनं सांगतो, “हो. पण आपण कसं ओळखलंत?”

समोरचा माणूस खजील होईल अशी माझी पहिल्यांदा कल्पना होती. तसं होत नाही. उलट त्याची खातरीच पटते.

या वाक्याचा अर्थ ‘तू बावळट आहेस का?’ असा आहे, हे महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. २०१९ साली आमच्याच तालुक्यातल्या एका गृहस्थांनी या वाक्यावर बंदी घाला म्हणून थेट मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयानं ती फेटाळली. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, तुम्ही ते मनाला लावून घेऊ नका, असं म्हणणं पडलं. आता मनाला लावून घ्यायचं नाही म्हटल्यावर माणसानं करायचं काय? मी इतिहास लावून घेतला. कलेक्टर कचेरीतली कारकुनी संपवून पेन्शनीत निघाल्यावर ‘अलिबागहून काय काय आलं’ याचं एक टिपण मी करायला घेतलं. आणि आमच्याकडे पाहुणे येत असल्यामुळे त्या टिपणाला श्रोत्यांची वाण कधी पडली नाही.

अलिबागला घर असलेल्या माणसाला पाहुण्यांची गणती ठेवता येत नाही. लग्नात ज्यांना पत्रिका पाठवायची राहून गेली होती, तेही आता नातं शोधत येतात. पूर्वी निदान लाँच बंद असली तर सुटका होई. २०२० पासून मांडव्याला मोटारीसकट माणसं उतरवणारी रो-रो बोट सुरू झाली, आणि पाहुणे डिकीत पोहण्याच्या रबरी चाकासह येऊ लागले. त्यांचं अलिबाग ठरलेलं. किनाऱ्यावर घोडागाडी, ओहोटीला कुलाबा किल्ला, दुपारी पापलेट, संध्याकाळी पुन्हा किनारा, रात्री पायांतली वाळू आमच्या गाद्यांवर. सोमवारी पहाटे जाताना म्हणतात, “छान आहे हो तुमचं अलिबाग. पण समुद्र सोडला तर बघायला फार काही नाही, नाही?”

गेल्या वर्षी हे वाक्य आमच्या मेहुण्यानं, सुधीरनं, शनिवारी दुपारीच म्हणून टाकलं. हातात एक अख्खा रविवार शिल्लक होता. मी म्हटलं, “सुधीर, उद्या समुद्राकडे पाठ करून चालायचं.”

“भाऊजी, पाठीमागे काय आहे?”

“जग आहे,” मी म्हटलं. बायकोनं स्वयंपाकघरातून कपाळावर हात मारल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

आमच्या दौऱ्याचा पहिला मुक्काम किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असतो, आणि त्याच्याकडे पाठ करूनच लोक फोटो काढतात. ती आमची चुंबकीय वेधशाळा. तिची कथा अशी, की मुंबईच्या कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ साली वेधशाळा काढली होती. तिथं १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं घेत. हे काम अतिशय नाजूक. जवळपास विजेचा मोठा प्रवाह खेळला, की यंत्राचा काटा पृथ्वीचं सोडून त्याचंच ऐकायला लागतो. मुंबईत तेव्हा घोड्यांची ट्राम होती. घोड्याला चुंबकत्व नसतं, त्यामुळे सगळं ठीक चाललं होतं. पण १९०० सालच्या सुमारास विजेच्या ट्रामचं घाटू लागलं, आणि वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभॉय मूस यांना नवी जागा शोधणं भाग पडलं. हे मूस त्या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. त्यांनी निवडलं अलिबाग. म्हणजे मुंबईच्या कुलाब्यातून वेधशाळा निघाली ती कुलाबा जिल्ह्यात आली. (आमच्या जिल्ह्याचं नाव १९८१ साली रायगड झालं, ते बदललेले सगळे शिक्के मी स्वतःच्या हातानं उमटवले आहेत.)

इथली इमारत पोरबंदरी दगडाची बांधली. लोखंडाचा खिळासुद्धा काट्याला भुलवायचा, म्हणून लोखंड वर्ज्य. जिथं धातू लागला तिथं तांबं-पितळ. सोवळं म्हणतात ते हे. १९०४ पासून दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग अशी दोन्हीकडे एकाच वेळी मापं घेतली, दोन्हींचा मेळ बसला, मगच १९०६ साली कुलाब्याचं काम थांबलं. आणि १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली. ती ट्राम १९६४ साली बंद पडली. वेधशाळा चालूच आहे. मुंबईची गती आणि अलिबागची गती यांत फरक आहे तो हा!

आता या आकड्यांचा उपयोग काय, असं सुधीरनं विचारलंच. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून एक प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली. त्या वादळाचा उष्ण कटिबंधातला मोलाचा दाखला कुलाब्याच्या वहीत सापडला. कुणीतरी इमानेइतबारे दर ठरावीक वेळेला काटा बघून आकडा टिपून ठेवला होता. २००३ साली शास्त्रज्ञांनी तो आकडा जगापुढे मांडला तेव्हा वादळाचा जोर किती भयंकर होता हे कळलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका कारकुनी नोंदीला एवढा मान मिळालेला पाहून मला जो आनंद झाला, तो फक्त कचेरीत जन्म काढलेल्या माणसालाच समजेल. ती वही पुढं चालवण्याचं काम आमच्या गावाकडे आहे. पृथ्वीच्या नाडीवर हात ठेवून बसलेल्या गावाला लोक बावळट म्हणतात!

तिथून गावात शिरलं, की कान्होजी आंग्र्यांची समाधी. किल्ला बघून दमलेले लोक समाधीपर्यंत येत नाहीत. मराठी आरमाराचा हा सरखेल. समुद्रात जहाज न्यायचं तर त्यांचा दस्तक घ्यावा लागे. इंग्रज आपल्याला दस्तक लागत नाही म्हणत, कान्होजी त्यांची जहाजं धरत, आणि मग इंग्रज त्यांना ‘चाचा’ म्हणत. नात्यातला नव्हे, समुद्रावरचा लुटारू या अर्थानं. टोलनाक्यावर पावती मागणाऱ्या माणसाविषयी आजही आपण फारसं वेगळं बोलत नाही. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज, दोघंही एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले ते इथंच. त्यांनीच बांधलेला गावातला हिराकोट किल्ला पुढे तुरुंगाच्या कामी आला. आत जाऊन बघता येईल का, असं भाच्यानं विचारलं. मी म्हटलं, “येईल बाळा. आत जाणं कठीण नाही.”

गावातच इस्रायल आळी आहे आणि तिथं ‘मागेन अबोथ’ नावाचं ज्यूंचं प्रार्थनागृह आहे. अलिबागच्या उत्तरेला नवगाव लागतं. बेने इस्रायली मंडळींच्या परंपरेप्रमाणं फार फार पूर्वी या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांचे देह लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकले, ते नवगावला पुरले. तिथं स्मारक आहे. वाचलेली माणसं गावोगाव राहिली, तेलाचे घाणे चालवू लागली, मराठी बोलू लागली. पुस्तकं बुडाली होती, भाषा विसरली, पण एक प्रार्थना आणि शनिवारची सुट्टी तेवढी सोडली नाही. लोकांनी त्यांना नाव दिलं ‘शनवार तेली’. बस, एवढंच. कुणी त्यांना शनिवारी घाणा चालवच म्हणून सांगितलं नाही. गावाची नावं लावून ते किहीमकर झाले, रोहेकर झाले, पेणकर झाले. जवळच्याच खंडाळे गावात एका खडकावर खुणा आहेत. एलिया पैगंबर आकाशात जाताना त्याच्या रथाच्या घोड्याची टाप इथं उमटली अशी त्यांची श्रद्धा, म्हणून ती जागा ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’. नवस फेडायला तिथं मलिदा करतात. बायबलातला पैगंबर आणि कोकणातला मलिदा! १९४८ नंतर यांतली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. आमच्या वर्गातलीही गेली. तिकडे जाऊन त्यांनी मराठी नियतकालिक काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘मायबोली’.

सुधीर थोडा गप्प झाला. त्याचा मुलगा इंग्रजी शाळेत आहे.

त्याच वाटेवर किहीम. तिथं आता मोठमोठे बंगले दिसतात, पण मला त्यांत रस नाही. १९३० साली नोकरी गेलेले सालिम अली बायकोच्या माहेरच्या घरात इथं राहायला आले होते आणि आसपास सुगरणींची वसाहत होती. नोकरी नसलेला माणूस पाखरांकडे बघत बसला तर सासुरवाडीत काय बोललं जातं ते सांगायला नको. पण त्यातून सुगरण पक्ष्याचा संसार प्रथमच नीट उलगडला. घरटं विणतो तो नर. अर्धं विणून झालं की मादी येऊन तपासते. पसंत पडलं तर मुक्काम करते. मग नर उरलेलं पुरं करतो आणि तिनं अंडी घातली, की शेजारी दुसरं घरटं दुसरीसाठी विणायला घेतो. ही माहिती मी सांगितली तेव्हा सुधीरनं प्रथमच टिपणात खरा रस दाखवला. त्याच्या बायकोनं विचारलं, “भाऊजी, दक्षिणेला काय आहे?”

दक्षिणेला आहे आक्षी. अलिबागहून पाच-सहा किलोमीटर. पुळणीसाठी लोक जातात तेच. पण आक्षीला एक शिळा आहे. वर्षानुवर्षं ती रस्त्याकडेला उन्हापावसात उभी होती. तिच्यावर मराठी लेख कोरला आहे. शिलाहार राजा केसिदेवराय, त्याचा प्रधान आणि महालक्ष्मीला दिलेलं दान यांचा उल्लेख त्यात आहे. त्यावरचं साल कित्येक अभ्यासक शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ असं वाचतात. काही जण ते बरंच पुढचं धरतात. ते भांडण पंडितांचं. पण पहिलं वाचन घेतलं तर साल कोरलेल्या मराठी लेखांत हा सर्वांत जुना ठरतो. म्हणजे पाहा, ज्या मराठीत आम्हाला बावळट म्हणण्याची सोय आहे, ती मराठी दगडावर उमटली ती अलिबागच्या शिवेवर! पण लोकांनी तेही वाक्य हिंदीत केलं. त्याला आम्ही काय करणार?

पुढं चौल. चौलमध्ये तीनशेसाठ देवळं आणि तीनशेसाठ तळी होती, असं सांगतात. रोज एक देऊळ धरलं तर वर्षाला पाचच दिवस सुट्टी. आज नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जाणारा शांत रस्ता बघून कुणाला वाटणार नाही, पण हे एके काळी जगाचं बंदर. टॉलेमीच्या भूगोलात ते ‘सिमुल्ला’ म्हणून आहे, कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत ते ‘चेमुल’ आहे. दहाव्या शतकात इथं आलेल्या अल मसूदी या अरब प्रवाशानं त्याला ‘सैमूर’ म्हटलं. इथल्या रामेश्वराच्या देवळात पर्जन्यकुंड आहे. ते एरवी झाकलेलं असतं. पाऊस डोळे वटारून बसला तरच ते उघडायचं, अशी पद्धत. भाच्यानं ते उघडून दाखवा म्हणून हट्ट धरला. मी म्हटलं, “नको रे, तुझे बाबा छत्री आणायला विसरलेत.”

पंधराव्या शतकात, १४७० च्या आगेमागे, याच चौलला अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी उतरला. वास्को द गामाच्या कितीतरी आधी. बरोबर एक घोडा. हिंदुस्थानात घोड्याला भाव आहे असं त्याला कुणीतरी सांगितलेलं, म्हणून शंभर रुबल खर्चून एकुलता एक घोडा घेऊन तो होर्मुझहून गलबतात बसला. इथले लोक आपला गोरा रंग बघायला मागोमाग फिरतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. पुढे जुन्नरच्या खानानं घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर देतो म्हणाला. एका खुरासानी भल्या माणसानं रदबदली केली म्हणून घोडा सुटला. शेवटी बीदरला तो विकला गेला. आपल्या देशासाठी इथं घेण्यासारखा माल नाही, लोकांनी मला फसवलं, अशी त्याची तक्रार. घरी पोचण्याआधीच तो वारला. उरली ती प्रवासाची वही. त्या वहीवरून १९५७ साली ‘परदेसी’ सिनेमा निघाला, त्यात नर्गिस होती. रेवदंड्याला निकितिनचा स्मृतिस्तंभही आहे. रशियाहून चालत, तरंगत आलेला पहिला माणूस, तोही इथंच उतरला. त्याला तरी ‘कुठून आलास?’ असं साध्या अर्थानंच विचारलं असेल!

चौलला लागूनच रेवदंडा. पोर्तुगीजांचा कोट, त्यात देवळाएवढीच शांत पडलेली चर्चेस, आणि ‘सातखणी’ मनोरा. सातांतले चार मजले उरलेत, नाव मात्र कायम आहे. १५०८ साली या खाडीच्या मुखाशी मोठी लढाई झाली. इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमारानं पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा, लोरेन्सो द आल्मेदा, याला मारलं. बापानं पुढच्याच वर्षी दीवला त्याचा सूड घेतला. दोनशेहून अधिक वर्षं पोर्तुगीज इथं पाय रोवून होते. १७४० साली मराठ्यांनी रेवदंडा आणि कोर्लई घेतलं, आणि पोर्तुगीज गेले.

गेले, पण सगळं घेऊन गेले नाहीत. रेवदंड्याचा पूल ओलांडून पलीकडे गेलं, की डोंगराच्या लांब सुळक्यावर कोर्लईचा किल्ला आणि पायथ्याशी गाव. किल्ल्यावर हल्ली लोक जातात, दीपगृहाशी फोटो काढतात, उतरतात. गावातल्या ख्रिस्ती वस्तीत थांबून कान देत नाहीत. तिथं एक भाषा ऐकू येते. शब्द पोर्तुगीज, पण वाक्याची बैठक मराठी. क्रियापद आपल्यासारखं मुकाट्यानं शेवटी येऊन बसतं. बोलणारे जेमतेम हजारभर. भाषाशास्त्रज्ञांनी तिच्यावर ग्रंथ लिहिले आहेत. विद्वान तिला काहीही म्हणोत, गावचे लोक ‘नो लिंग’ म्हणतात. म्हणजे ‘आपली भाषा’.

मी पाहुण्यांना तिथं बाजाराच्या कडेला उभं केलं. दोन बायका कशावरून तरी बोलत होत्या. भांडत होत्या की हसत होत्या ते नीटसं कळत नव्हतं. मध्येच एक ग्राहक आला, त्याच्याशी अस्सल कोकणपट्टीची मराठी, की पुन्हा मागल्या पानावरून पुढे चालू. राजा गेला, तोफा गंजल्या, लिस्बनला या गावाची आठवण उरली नसेल. तरी पावणेतीनशे वर्षं आया आपल्या मुलांना याच भाषेत जेवायला हाका मारताहेत. आता शाळा मराठी, नोकरी मुंबईला. आणखी किती वर्षं हाका ऐकू येतील ते हजार माणसांच्या हातात आहे. इथून गेलेल्यांनी मराठी तिकडे नेऊन जपली, इथं आलेल्यांनी आपली इथं जपली. बुडालेलं गलबत, विजेला भ्यालेला काटा, एकुलता घोडा, मागे राहिलेली भाषा: जे जे या किनाऱ्याला लागलं, त्याला ‘कुठून आलास’ म्हणून हिणवायचं आमच्या गावाला कधी सुचलं नाही. हा बावळटपणा असेल तर आम्ही बावळट.

“आतोबा,” भाचा म्हणाला, “पण आज समुद्र राहिलाच की.”

राहिला खरा. पण तो कुठं जातो? ओहोटीला गेला तरी सहा तासांत परत येतो. कोर्लईच्या त्या दोन बायकांचं तसं नाही. म्हणून माझं वाचकांना एवढंच सांगणं, यायचं असेल तर हिवाळ्यात या, वालाच्या शेंगांची पोपटी लागलेली असते. रविवार आधी इकडे द्या, सोमवारी पहाटे काय पोहायचं ते पोहा. आणि परत गेल्यावर ऑफिसात पोचायला उशीर झाला, साहेबानं तो नेहमीचा प्रश्न विचारला, तर मान वर करून ‘होय’ म्हणा. फक्त येण्याआधी एक पत्र टाका. आमच्याकडे गाद्या चारच आहेत, आणि त्यांतल्या दोनांत अजून सुधीरची वाळू आहे.